शिकायचा राहिलेला डोळा

उजव्या डोळ्यावर काळी झाकणी बसली आणि तपासणाऱ्या बाई "वाचा" म्हणाल्या, तेव्हा तिला वाटलं समोरच्या पाटीचा दिवाच गेला. तसं तिनं सांगितलंही. बाईंनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "चालू आहे की." पाटी होती, दिवा होता, पाटीवर अक्षरंही असणार, कारण काळं काहीतरी रांगेनं बसलंय एवढं तिला जाणवत होतं, पण त्या काळ्याला आकार येत नव्हता. सगळ्यात वरचं मोठं अक्षर तिनं वाचलं, त्याखालची दोन वाचली, आणि तिथे गाडी अडली. बाईंनी चौकटीतली काच बदलली. "आता?" आता तेच. "आणि आता?" आताही तेच, जरा ठळक झालेलं तेच. दहा-बारा काचा झाल्या. नंतर बाईंनी एक बारीक भोकाची पट्टी डोळ्यापुढे धरली, तीही काढली, आणि कागदावर काहीतरी लिहिताना त्या पहिल्यांदाच तिच्याशी माणसाशी बोलतात तसं बोलल्या. "तुम्हाला हे माहीत होतं ना?" तिनं विचारलं, काय. "डाव्या डोळ्याचं," बाई म्हणाल्या, आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यांनी झाकणी उचलली. "डॉक्टर सांगतील."

माहीत होतं आणि नव्हतं. डावा जरा कच्चा आहे, एवढं कोपऱ्यावरचा चष्मेवाला दर खेपेला सांगायचा. त्याच्या सांगण्याचा सूर असा असायचा की सगळ्यांचाच डावा जरा कच्चा असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून माणूस जगतो. एक मिटून जगाकडे बघायची वेळ कुणावर येते? सुई ओवताना ती डावा मिटायची, पण ती सवय होती, कात्री धरताना काही लोक जीभ बाहेर काढतात तशी. त्रेचाळीस वर्षांत उजवा मिटून डाव्यानं काय दिसतं हे बघावं असं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. या गोष्टीचं तिला आता, त्या उंच खुर्चीत बसल्या बसल्या, फार नवल वाटत होतं.

इथवर ती आली होती नवऱ्याच्या पिरपिरीमुळे. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. आठ महिन्यांपूर्वी त्यानं डोळ्यांवर लेझर मारून घेतलं आणि तेव्हापासून त्याला जगात दिसतं ते सगळं मोठ्यानं वाचायचा छंद लागला होता. सकाळी जाग आली की "सात वाजून बारा" म्हणायचा, जसं काही कुणी विचारलं होतं. रस्त्यात बसची पाटी, गल्लीपलीकडच्या दुकानाची पाटी, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे, त्यांना लावलेले चिमटे. "सहा चिमटे आणि एक मोजा," तो खिडकीतून सांगायचा आणि स्वतःच खूश व्हायचा. तिला हसू यायचं. मग एकदा न्हाणीघरात तिचा चष्मा हातातून सुटला, आणि साबणाच्या पाण्यात गुडघ्यांवर रांगत, फरशी चाचपत तिनं पाव तास काढला. चष्मा सापडला बादलीच्या मागे, एक काच तडकलेली. ती तशीच ओल्या फरशीवर बसून रडली. तिचं तिलाच कळेना की एवढं रडण्यासारखं काय झालं. त्या रात्री ती हो म्हणाली. उशीवरचं नवऱ्याचं तोंड तिला चष्म्याशिवाय दिसायचं, कारण ते वीतभर अंतरावर असायचं. तोच माणूस उठून खाटेशी उभा राहिला की धूर व्हायचा. एकदा तरी त्या धुराला नाक-डोळे यावेत, असं तिला मनापासून वाटलं होतं. ते वाटणं खोटं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता आणि हळू बोलणारा होता. त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या डोळ्यांचे दोन नकाशे हिरव्या-पिवळ्या रंगांत शेजारी शेजारी होते. "डावा डोळा आजारी नाही," तो म्हणाला. "पडदा चांगला, बाहुली चांगली, सगळं जिथल्या तिथे. फक्त हा बघायला शिकला नाही. याचा नंबर लहानपणापासून उजव्यापेक्षा खूप जास्त. मेंदूला याच्याकडून धूसर चित्र यायचं, मग मेंदूनं याला विचारायचंच सोडून दिलं. सगळं काम उजव्यावर भागवलं. आळशी डोळा म्हणतात, पण बिचारा आळशी नाही." मग त्यानं विचारलं, चष्मा कितव्या वर्षी लागला. ती म्हणाली, सतराव्या. डॉक्टरचं पेन कागदावर थांबलं. "सतराव्या? शाळेत कुणी तपासलं नाही? सात-आठ वर्षांची असताना चष्मा लागला असता, उजव्यावर थोडे दिवस पट्टी बांधली असती, तर हा शिकला असता." तो सहज बोलत होता. त्याच्या दृष्टीनं ती एक माहिती होती. "लेझर नंबर काढतं. जो डोळा शिकलाच नाही त्याला या वयात लेझर काही शिकवू शकत नाही."

तिला वाटलं आता तो संपवेल. पण अजून उजवा बाकी होता. उजव्याचा नंबर सहा, तो करता येईल, डॉक्टर म्हणाला. धोका फार थोडा, पण तुमच्याकडे खऱ्या अर्थानं हा एकच डोळा आहे, तेव्हा तो थोडा धोकासुद्धा तुमचा तुम्ही तोलायचा. "काम काय करता?" रफूचं, ती म्हणाली. "चष्मा लावून?" काढून. त्याला नीट कळलं नाही म्हणून तिनं चष्मा काढला, साडीचा पदर वीतभराच्या आत, जवळजवळ नाकाशी आणला आणि दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं. "हे जे तुम्हाला जवळचं इतकं बारीक दिसतं ना, ते नंबरामुळे दिसतं. नंबर काढला की हेही जाणार. तुमच्या वयात मग जवळचा चष्मा लागेल, आणि तो लावूनही असं, नाकाशी, नाही दिसायचं. भिंग वापरता येईल म्हणा. घरी चष्मा लावून काम करून बघा, म्हणजे अंदाज येईल." बुधवारची तारीख त्यानं तिच्यासाठी राखून ठेवली होती. आज संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवलं तर बरं, मागे लोक थांबलेत. त्यानं एक छापील कागद दिला, त्यात सगळं लिहिलं होतं. तो घडी करून तिनं पिशवीत वरच खुपसला आणि जिना उतरली. प्रत्येक पायरीवर ती पाऊल चाचपत होती, आणि जिना तर चढताना होता तसाच होता.

चौकात दिवा लाल होता. लोक थांबले होते, तीही थांबली, आणि तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला. चष्मा होता, काच स्वच्छ होती. आणि तरी रस्ता असा झाला की त्यात सगळं होतं पण कशालाच नाव नव्हतं. रंग हलत होते. काहीतरी मोठं निळं समोरून सरकलं, ते बस असणार, कारण बसचा आवाज आला. शेजारचा माणूस तिला माणूस म्हणून जाणवत होता, पण तो तरुण की म्हातारा, तिच्याकडे बघतोय की दिव्याकडे, ते सांगता येईना. म्हणजे हे सगळं आपल्या निम्म्या तोंडावर पस्तीस-चाळीस वर्षं चाललंय. इतक्या वर्षांत या डोळ्यातून पाणी आलं, झोप आली, कचरा गेला, एकदा रांजणवाडी झाली. त्यानं आपलं सगळं रीतसर केलं, फक्त बघितलं नाही. "बाई, बरं वाटत नाही का?" शेजारच्या माणसानं विचारलं. तो तरुण निघाला. तिनं हात काढला आणि रस्ता ओलांडला.

ती काम करायची त्या लाँड्रीत रविवारी आलेले कपडे अजून हातावेगळे झाले नव्हते. वाफेचा, गरम लोकरीचा तो ओलसर वास आला आणि तिला जरा धीर आला. इस्त्रीवाले काका तिच्या आधीपासून इथे होते आणि तिच्या नंतरही राहणार असं सगळ्यांना वाटायचं. तिची खुर्ची खिडकीशी होती. गिऱ्हाइकाला खुर्चीकडे बोट दाखवून काका नेहमीचा विनोद करायचे: आमच्या बाई कोटाला रफू करत नाहीत, कोटाच्या कानात काहीतरी सांगतात, मग कोट स्वतःच बरा होतो. आज टेबलावर एक राखाडी कोट होता, बाहीला सिगारेटचं भोक, वाटाण्याएवढं. कापड तिरप्या विणीचं; दोन धाग्यांवरून एक, दर ओळीला एक धागा सरकत जाणारी तिरपी रेघ. अशा कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे उपसायचे आणि जळलेल्या जागी एकेक करून विणायचे, वर-खाली, वर-खाली, की गिऱ्हाइकानं उजेडात धरून शोधलं तरी भोक कुठे होतं ते सापडू नये. हे ती आठव्या वर्षापासून करत आली होती. आज तिनं चष्मा काढला नाही. कोट मांडीवर घेतला, हातभर लांब धरला, आणि पहिला धागा घातला. धागा कुठे गेला ते दिसलं नाही, अंदाज आला. तिनं मालकांच्या खणातलं भिंग आणलं, एका हातात भिंग, एका हातात सुई, आणि कोट धरायला हातच उरला नाही. कोट गुडघ्यांत दाबून तिनं वीस-पंचवीस धागे घातले. मग चष्मा काढून कोट नाकाशी नेला. तिरपी रेघ उलटी गेली होती. सगळ्या कोटाची डावीकडून उजवीकडे, तिच्या तेवढ्या तुकड्याची उजवीकडून डावीकडे. तिचा हात पहिल्यांदा शिकत होता तेव्हाही तिनं ही चूक केली नव्हती. ही चूक न दिसणाऱ्याची चूक होती.

"आज कोटाशी भांडण वाटतं," काका म्हणाले. ती नुसती हसली आणि घातलेले धागे एकेक करून काढायला लागली. हातात कसब आहे, लोक म्हणायचे. बोटांना डोळे आहेत, मालक म्हणायचे. बाहेरगावाहून तिच्याकडे कोट यायचे, शाली यायच्या, एकदा एका नटाची टोपी आली होती. आणि तिला आतून वाटायचं की आपल्यात काहीतरी आहे. फार मोठं नाही, पण आपलं असं. ते आज एका तरुण माणसानं नंबरात सांगितलं होतं. उणे सहा. उणे सहा नंबराच्या कुणालाही चष्मा काढून एवढंच बारीक दिसत असणार. चष्मेवाल्याच्या वहीत असे कितीतरी असतील, कारकून, मास्तर, ड्रायव्हर. म्हणजे कसब म्हणून जे पस्तीस वर्षं मिरवलं ते एक वैगुण्य होतं, आणि उजवा वैगुण्य घेऊन कामाला लागला तेव्हा डावा शेजारी तसाच बसून राहिला. हे दोन्ही एकाच दुपारी कळावं याचा तिला राग आला, आणि रागाला तोंड सापडेना. मग सापडलं.

सात-आठ वर्षांची असताना, डॉक्टर म्हणाला होता. सात-आठ वर्षांची असताना ती रोज दुपारी शाळेतून आली की दप्तर टाकून खिडकीशी बसायची, आणि शेजारी आई. आईही रफूच करायची, दुसऱ्या एका दुकानाचं, काम घरी आणून. चाळिशी आली तसं आईला जवळचं दिसेनासं झालं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. एकदा चष्मा लावला की नंबर चढतच जातो आणि डोळे कायमचे निकामी होतात, असं आईचं पक्कं मत होतं. शिवाय रफूवालीला चष्मा लागला म्हटल्यावर दुकानदार काम दुसरीकडे देईल ही धास्ती. मग आईनं उपाय शोधला. "डोळे, इकडे ये गं," ती हाक मारायची. तिचं नावच ते पडलं होतं, डोळे. डोळे जेवले का, डोळे शाळेला गेले का. आई धागा उपसायची, ताण धरायची, हाताला वळण लावायची; आणि कुठला धागा वर, कुठला खाली, हे पोर नाक कापडाला लावून सांगायची. पुढे पुढे सुईही पोरीच्याच हातात आली. आईला खिडकीतून लांबचं झाडावरचं पाखरू दिसायचं आणि मांडीवरचं भोक दिसायचं नाही. मुलीला भोक दिसायचं, झाड दिसायचं नाही. दोघी मिळून एक धड बाई होत्या. शाळेत फळा म्हणजे तिला एक काळा चौकोन होता, त्यावर मास्तर काहीतरी करतात असा समज होता. ती नापास होत गेली आणि आई म्हणाली, काही बिघडत नाही, हातात कला आहे.

आणि शाळेत तपासणी झाली होती. हे तिला आता, उलटे धागे काढता काढता, एकदम लख्ख आठवलं. कुणीतरी डॉक्टर आला होता, मुलांची रांग होती, लाकडी चमच्यानं एक डोळा झाकायचा होता. नंतर काही मुलांना जाड गुलाबी कागदाची चिठ्ठी मिळाली, तिलाही मिळाली. ती चिठ्ठी तिनं घरी नेली. चिठ्ठीचं पुढे काय झालं तेही तिला माहीत होतं, आणि ते आठवल्याबरोबर तिनं सुई टेबलावर ठेवली. आई उपसलेले धागे जाड कागदाच्या तुकड्यांवर गुंडाळून ठेवायची. काळा दोरा पुढे कितीतरी दिवस एका गुलाबी कागदावर होता. दोरा संपत आला की खालून छापील अक्षरं दिसायला लागायची. म्हणजे आईला माहीत होतं. तिच्या हातात कागद होता, आणि तिनं त्यावर दोरा गुंडाळला. कारण पोरीला चष्मा लागला असता तर तिनं नाकाशी धरून बघायचं सोडलं असतं, आणि मग आईचे डोळे गेले असते. आईनं पोरीच्या डोळ्यांवर स्वतःची सोय केली. असं कुणी करतं का? आपली आई करते का? तिनं कोट घडी करून बाजूला ठेवला. काकांनी दोनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईकडे जाऊन येते.

आई दोन थांबे पलीकडे एका खोलीत एकटी राहायची. वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर आईला वाचनाचं वेड लागलं होतं. जवळचा चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला, आणि समोर येईल ते वाचायचं, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा. त्यामुळे तिला स्वतःला नसलेले सगळे रोग ठाऊक होते. ती दार उघडून आत आली तेव्हा आई वर्तमानपत्रातल्या जागेच्या जाहिराती वाचत होती. "ये," आई म्हणाली, "या वेळी कशी? चष्मा काढणार आहेस म्हणे. जावई सांगत होते. मी म्हटलं, बरं होईल, नाकावरचे वळ तरी जातील." ती खाटेच्या कडेला बसली. पिशवी दोघींच्या मधे ठेवली. वाटेत तिनं बोलायचं ठरवून ठेवलं होतं, शब्द न शब्द ठरवून ठेवला होता, आणि आता तोंडातून निघालं ते भलतंच निघालं. "आई, शाळेतून मी एक गुलाबी चिठ्ठी आणली होती. डोळ्यांची."

"आणली होती की," आई म्हणाली. तिला आठवावंही लागलं नाही.

"तू तिच्यावर दोरा गुंडाळलास."

"काळा. जाड होता कागद, फार दिवस टिकला." आईनं वर्तमानपत्राची घडी केली. "का गं?"

"त्यात काय लिहिलं होतं?"

"मला काय ठाऊक, मला कुठे दिसत होतं तेव्हा जवळचं?" आई हसली. "हात लांब करून करून बघितली, मग म्हटलं, डोळे, तूच वाच. तूच वाचून दाखवलीस ना. म्हणालीस, डोळे उत्तम आहेत, काळजीचं कारण नाही. मी आठ दिवस सगळ्यांना सांगत होते, आमच्या पोरीला सरकारी डॉक्टरनं उत्तम डोळ्यांची चिठ्ठी दिली म्हणून."

आई पुढेही बोलत होती, पण तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या आत एक दार उघडलं होतं आणि त्यातून ती दुपार जशीच्या तशी आत येत होती. आईचा लांब केलेला हात. हाताच्या टोकाला गुलाबी कागद. आईच्या कपाळावरच्या आठ्या, आणि मग तो कागद तिच्याकडे आला, तो तिनं नाकाशी नेला आणि वाचला, मनात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शब्द अवघड नव्हते. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीला तसाच कागद मिळाला होता आणि तिला चष्मा लागला होता, आणि त्या मुलीची आई तिला सुईला हात लावू देत नव्हती, डोळ्यांना ताण पडतो म्हणून. हे तिनं आठ वर्षांच्या डोक्यात उभ्याउभ्या तोललं होतं. चष्मा लागला तर खिडकीशी कोण बसणार, आईशेजारी? डोळे म्हणून हाक कुणाला मारणार? आणि तिनं कागद खाली घेतला आणि सांगितलं, उत्तम आहेत. आवाज अगदी स्वच्छ. नंतर दोरा संपत आला की ती अक्षरं दिसायची, आणि ती पटकन नवा दोरा गुंडाळायची. आईच्या आधी. तीच गुंडाळायची. दुपारभर जिच्यावर ती चिडली होती ती बाई समोर बसून वर्तमानपत्राची घडी सारखी करत होती, आणि डावा डोळा कुणी घालवला याचं उत्तर खाटेच्या कडेला बसलं होतं. तिला धड लाजही वाटेना, दुःखही होईना. 

फोन वाजला. नवऱ्याचा. तो कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टच्या खोलीत असणार, मागून घरघर येत होती, म्हणून तो ओरडून बोलत होता. "काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले सगळं," ती म्हणाली. "डोळे उत्तम आहेत. एवढ्यात काही करायची गरज नाही."

"गरज नाही कशी? बुधवार देणार होते ना?"

"ते आपलं असंच. काळजीचं काही कारण नाही. घरी आल्यावर बोलू."

तिनं फोन ठेवला आणि मग तिला आपण काय बोललो ते ऐकू आलं. कुठे अडखळणं नाही, श्वास घेणं नाही. विचार करायच्या आत जिभेनं सगळं उरकलं होतं. नवऱ्याला खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. तो बिचारा घाबरला असता, दोन दिवस पाट्या वाचायचा थांबला असता, एवढंच. तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली की तिनं हात खाटेच्या कडेवर घट्ट दाबून धरले. आतापर्यंत अशा किती चिठ्ठ्या आपण किती जणांना वाचून दाखवल्या असतील, तिला मोजता येईना.

तोवर आईनं गळ्यातला चष्मा नाकावर चढवला होता आणि पिशवीतून वर आलेला दवाखान्याचा कागद ओढून काढला होता. एकेका शब्दाखाली बोट धरून ती वाचत होती, सावकाश, तिला सगळंच वाचायची हौस होती तशीच. "उजवा," आई पुटपुटली. "मग आकडे आहेत. डावा. डाव्या डोळ्याची दृष्टी लहानपणापासून विकसित झालेली नाही." बोट थांबलं. "विकसित म्हणजे वाढली नाही, असंच ना?"

"हो."

"लहानपणापासून," आई परत म्हणाली. ते बोट त्या शब्दाखालीच राहिलं. खोलीत नळाचा आवाज येत होता, शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं. मग आईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जावयांना आत्ता तू काय सांगितलंस?"

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आणि तेव्हा त्या चिठ्ठीत काय होतं?"

आता खोटं बोलता आलं असतं. आठवत नाही, म्हणता आलं असतं. पस्तीस वर्षं झाली, कुणाला आठवतं? पण ती अक्षरं तिनं दोऱ्याखालून इतक्यांदा पाहिली होती की ती कुठे गेलीच नव्हती. तिनं डोळे मिटले, दोन्ही, आणि म्हणून दाखवलं. "आपल्या पाल्यास डाव्या डोळ्याने फार कमी दिसते. उजव्या डोळ्यासही चष्म्याची गरज आहे. पालकांनी नेत्रतज्ज्ञांना ताबडतोब दाखवावे. उशीर केल्यास डावा डोळा कायमचा अधू राहील. खाली सही होती. आई, मी वाचलं होतं. सगळं वाचलं होतं."

 तिला वाटलं आई रडेल, किंवा रागावेल, किंवा जवळ घेईल, आणि या तिन्हींपैकी काय झालं तर आपण काय करू हे तिला ठाऊक नव्हतं. आईनं कागदाची घडी घातली, ती परत उलगडली.

"आपल्या शेजारी मास्तर राहायचे," आई म्हणाली. "रोज संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. अख्खी गल्ली त्यांच्याकडून पत्रं वाचून घ्यायची. मीही घ्यायची." ती थांबली. "तू उत्तम म्हणालीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ती चिठ्ठी मी मास्तरांना दाखवली नाही. बाहेर नेली, पण पदराआडच धरून त्यांच्यासमोरून परत फिरले. घरात आले आणि लगेच दोरा गुंडाळला."

ती आईकडे बघत राहिली. उजव्या डोळ्यानं, कारण बघणारा तोच होता. आईची हनुवटी हलत होती, आणि चष्म्याच्या आतून पाणी गालावर आलं होतं, ते तिला दिसलं. तिनं हात पुढे केला, आईच्या मांडीवरचा कागद उचलला, त्यावरचा दवाखान्याचा नंबर पाहिला आणि लावला. तपासणाऱ्या बाईच बोलल्या. बुधवार दुसऱ्या कुणाला तरी द्या, ती म्हणाली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, माझ्याकडे एकच आहे. मग तिनं नवऱ्याचा नंबर लावला. मागची घरघर अजून चालू होती.

"ऐक," ती म्हणाली, "मघाशी मी तुझ्याशी खोटं बोलले."